तंबाखूच्या काड्यांचं निशाण

मला सगळं येतं असं मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आजही त्यात फार फरक पडलेला नाही. निपाणीच्या एका मुलींच्या शाळेत मी तेव्हा ड्रिल शिकवत होते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. माझं माहेर बेळगावचं, वडील शाळामास्तर. लग्न होऊन निपाणीला आले, कारण आमचे हे तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत कारकून होते. बेळगावात ट्रेनिंग झालेली बाई आयती मिळाली म्हणून शाळेने मला ठेवून घेतलं, आणि वर्गशिक्षिकेची जागा भरलेली होती म्हणून ड्रिल माझ्या गळ्यात मारलं.

ड्रिल म्हणजे हात वर, हात खाली, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. मुली कंटाळायच्या आणि मी त्यांच्याहून जास्त कंटाळायची. लहानपणी बेळगावात कॅम्पातल्या, म्हणजे गोऱ्या लष्कराच्या वस्तीतल्या, एका बंगल्याच्या कुंपणाला नाक लावून मी मडमांना तीरकमठा चालवताना पाहिलं होतं. पांढरे झगे, डोक्याला मोठ्या टोप्या, आणि समोर रंगीत कडी काढलेलं गोल निशाण. त्यांचा नेम फारसा चांगला नव्हता. आपल्याला दिलं तर आपण ह्यांच्यापेक्षा बरं मारू, असं मला आठव्या वर्षी ठाम वाटलं होतं. ते वाटणं मनात तसंच राहिलं होतं. एके दिवशी हात वर, हात खाली करताना मी मध्येच थांबले आणि सरळ मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेच्या, खोलीत जाऊन सांगितलं की मुलींना तीरकमठा शिकवायचा आहे.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विषय शाळेच्या कमिटीकडे ढकलला. कमिटीने चौकशी केली. विकतचं निशाण मुंबईहून मागवावं लागेल असं कळल्यावर कमिटीने ठरवलं की बाईंनी जे काय करायचं ते आपल्या अकलेने करावं, शाळा त्यात पडणार नाही. त्यांना वाटलं, एवढ्यावर बाई गप्प बसतील. मला मात्र ती परवानगीच वाटली.

धनुष्यं सोपी निघाली. कणकुंबीकडचा बांबू बुरुडाकडे यायचा, त्याने चार दिवसांत सहा धनुष्यं वाकवून दिली. बाण बारीक बांबूच्या काड्यांचे. टोकाला लोहाराने पत्र्याची टोपी ठोकलेली आणि शेपटाला पिसांच्या जागी जुन्या वह्यांचे पुठ्ठे कातरून चिकटवलेले. घोडं अडलं ते निशाणापाशी. ज्याने कधी केलं नाही त्याला वाटतं, निशाण म्हणजे काय, काहीतरी उभं करायचं आणि त्यावर मारायचं. तसं नाही. बाण अडला पाहिजे, पण मोडता कामा नये; रुतला पाहिजे, पण ओढल्यावर निघाला पाहिजे. आणि हे सगळं फुकटात, लोकांनी टाकून दिलेल्या सामानात जमवायचं.

पहिलं निशाण मी फुटक्या सुपाचं केलं. बाण त्यातून आरपार जाऊन शेजारच्या परड्यात वाळत घातलेल्या लुगड्यात घुसला. त्या शेजारणीने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मग मी घरातली जुनी गादी आणली. तिच्यात बाण छान अडायचे, पण कापसात असे गुंतायचे की ओढताना प्रत्येकाबरोबर मूठभर कापूस बाहेर यायचा. पंधरा दिवसांत गादी निम्मी झाली आणि आमचे हे चटईवर झोपायला लागले. तक्रार त्यांनी केली नाही. फक्त सकाळी उठून कमरेवर हात ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. तिसऱ्यांदा कडब्याच्या पेंढ्या आवळून बांधल्या. जोंधळ्याची ताटं एवढी टणक की बाणांच्या टोप्या वाकल्या, आणि दोन दिवसांनी कुणाचीशी गाय शाळेच्या आवारात शिरून अर्धं निशाण खाऊन गेली.

शेवटी तारलं पिंजराने. भाताच्या पेंढ्याला आमच्याकडे पिंजर म्हणतात. त्याच्यावर पाणी शिंपडायचं, मऊ झालं की मनगटाएवढा जाड वेठ, म्हणजे पिळाचा दोर, वळायचा, आणि डोक्यावर घागर घ्यायला चुंबळ करतात तसा तो गोल गोल गुंडाळत दाभणाने आणि सुतळीने शिवत जायचं. माझी बोटं सोलवटली, पण हात-दीड हात रुंदीची अशी चकती झाली की मला तिचा मुका घ्यावासा वाटला. शाळेत जगाचा एक नकाशा होता, त्यातला बराचसा आफ्रिका वाळवीने खाल्लेला. तो पालथा घालून, खिळा आणि दोरा घेऊन मी त्याच्या पाठीवर कडी काढली. मधोमध हळद, मग गेरू, मग कपड्यांची नीळ, सगळ्यांत बाहेर काजळी. मोडक्या फळ्याच्या तिकाटण्यावर ते सगळं टेकवलं. पहिल्या दिवशी बाण हळदीत रुतून थरथरत उभा राहिला तेव्हा मी मुलींसमोर दोन उड्या मारल्या. त्यानंतर मुली मला थोड्या कमी घाबरायला लागल्या.

हळदीत तो पहिला बाण लावणारी मुलगी सातवीत होती. जैन शेतकऱ्याची एकुलती मुलगी. गावाबाहेर त्यांचा तंबाखूचा मळा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्हीकडे गप्प. हजेरीला ती ‘हजर’ म्हणते हे मला तिच्या ओठांवरूनच कळायचं. पण हातात धनुष्य आलं की तिचा खांदा खाली उतरायचा, श्वास थांबायचा, आणि बाण जायचा तो हळदीतच. मी तिला काहीही शिकवलं नाही. लोकांना मात्र मी शिकवलं असंच सांगत होते.

आमच्या शाळेत सातवीच्या पुढे वर्ग नव्हते. पुढे शिकायचं तर बेळगाव, आणि बेळगाव म्हणजे वसतिगृह. एका दुपारी आम्ही दोघी निशाणातले बाण उपसत होतो, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, मला बेळगावला जायचं हाय.” वर्षभरात ती माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी त्याच संध्याकाळी तिच्या वडलांना गाठलं.

तिच्या वडलांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. शाळेच्या कमिटीवर ते होते. हळू बोलणारे, हळू चालणारे गृहस्थ. त्यांनी मला बसायला घोंगडं टाकलं, गूळपाणी दिलं, आणि माझं सगळं भाषण संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“बाई, शिकू नये असं माझं म्हणणं न्हाय,” ते म्हणाले. “पर पोरगी तोंडातनं शबुद काढत न्हाय. परक्या गावात कुणी तिच्या म्होरनं ताट वढून न्हेलं तर ‘माझं हाय’ म्हणायची न्हाय. उपाशी निजंल. अशा पोरीला कशी धाडू, सांगा तुमीच.”

“ती दिसते तेवढी लेचीपेची नाही, आप्पा.”

“तुमाला वाटतंय. मी बाप हाय.” मग म्हणाले, “गॅदरिंगला बेळगावच्या इन्स्पेक्टरीणबाई येत्यात न्हवं? त्यांनी लई पोरी बघितल्यात. त्यास्नी बघू दे हिला. त्या ‘धाडा’ म्हटल्या तर धाडतो. न्हाय तर न्हाय. मग घरात बसंल आणि पुढच्या वर्षी बघू कुठलं तरी स्थळ.”

म्हणजे गॅदरिंगच्या एका दुपारवर त्या मुलीचं सगळं ठरणार होतं. मला अजिबात भीती वाटली नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, झालंच म्हणून समजा. पोरीच्या हातात धनुष्य देणार, ती पाच बाण हळदीत मारणार, इन्स्पेक्टरीणबाई तोंडात बोट घालणार. ह्यांनी “बरं” म्हटलं. ते नेहमीच “बरं” म्हणायचे, आणि त्याचे त्यांच्याकडे सात-आठ प्रकार होते.

चार दिवसांनी आप्पा सराव बघायला आले. मुलीचे तीन बाण बघून झाले तसे ते निशाणाजवळ गेले, वाकले, आणि चकतीतून पिंजराची एक मूठ उपसून त्यांनी आपल्या उपरण्यावर झाडली. बारीक बारीक किडे उपरण्यावर पळायला लागले.

“बाई, ह्यात जीव हायत,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, जुन्या पिंजरात ते असतातच.”

“असत्यात की. म्हणून आमी पिंजर हलक्या हातानं उचलतो. त्यात बाण मारत न्हाय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. महिनाभर बोटं सोलून घेतलेली, आणि हे म्हणे किडे! काही तरी खणखणीत बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात त्यांनी उपरण्याचं टोक गवतावर टेकवलं आणि शेवटचा किडा उतरेपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले. अशा माणसाशी भांडताही येत नाही, त्याचा मला आणखी राग आला. मुलीने धनुष्य केव्हाच खाली ठेवलं होतं. वडलांचं म्हणणं तिला पटलेलं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

“जीव नसलेलं कायतरी भरा, बाई,” जाताना आप्पा म्हणाले. “मग माझी काय हरकत न्हाय.”

त्या संध्याकाळी हे वखारीतून घरी आले आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर धोतर झटकायला लागले. धोतराला तंबाखूच्या काड्यांचे तुकडे चिकटलेले असायचे. मी भाकरी थापत होते; हात तसाच परातीत राहिला.

“अहो, तंबाखूच्या काड्यांत किडा होतो का?”

“वाळक्या काड्यांत? किड्याचं काय डोकं फिरलंय?”

“आणि गाय तोंड लावते का?”

“गाय काय, गाढवसुद्धा लावायचं न्हाय.”

पान झोडून घेतल्यावर उरलेल्या काड्यांचा वखारीमागे ढीग पडायचा आणि तो कोणाच्या तरी शेतात जायचा. दुसऱ्या दिवशी तो थोडासा माझ्याकडे आला. तंबाखू भरायची दोन टाकलेली पोती उसवून मी त्यांची गोल पिशवी शिवली, तिच्यात काड्या ठासून ठासून भरल्या आणि वर नकाशा टाचला. बाण अडत होता, रुतत होता, ओढला की निघत होता. किडा नाही, गाय नाही, आणि वेठ वळायची कटकट नाही. आप्पांना बोलावून दाखवलं. त्यांनी पिशवीत हात घालून मूठभर काड्या बाहेर काढल्या, निरखून बघितल्या, सवयीने नाकाशी नेल्या आणि मान डोलावली. “आता हाय बघा,” म्हणाले. मी स्वतःवर इतकी खूष झाले की आठ दिवस जो भेटेल त्याला ही युक्ती सांगत सुटले.

आता इथे मी काय विसरले ते सांगते. निपाणीत तेव्हा हवेलाच तंबाखूचा वास होता. अंथरुणाला, भाकरीला, पाटी-पुस्तकांना, देवळातल्या घंटेलासुद्धा. बाहेरगावचा माणूस मोटारीतून उतरला की आधी शिंकायचा, आणि आम्ही त्यावरून तो नवखा आहे हे ओळखायचो. मी स्वतः लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर शिंकत होते. सासूबाईंनी त्यावरून मला नाजूक नार म्हणून घेतलं होतं. हे सगळं मी साफ विसरले होते. माझंही नाक आता निपाणीचं झालं होतं.

दोन महिने रोज त्या पिशवीत बाण घुसत होते. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी मी बघितलं तर ती एका अंगाने खचली होती, पोट सुटल्यासारखी. पाहुण्यांसमोर असलं बेंगरूळ ध्यान ठेवायचं नाही म्हणून मी दोन दणकट मुलींना धुणं बडवायच्या मोगऱ्या दिल्या आणि सगळीकडून बडवून ती गोल करवून घेतली. वर आणखी काड्या ठासल्या, कड्यांना नवा रंग दिला, भोवती कागदाची झालर लावली. आत काड्यांचं काय झालं असेल हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. माझं लक्ष झालरीकडे होतं.

गॅदरिंग शाळेच्या चौकात होतं. तिन्ही बाजूंना भिंती, वर मांडव. इन्स्पेक्टरीणबाई बरोबर एक कारकून घेऊन बेळगावहून आल्या. कडक इस्त्रीचं पातळ, सोनेरी काड्यांचा चष्मा, आणि चेहऱ्यावर ‘हे मी पुष्कळ पाहिलं आहे’ असा भाव. त्यांच्या खुर्च्या मी स्वतः मांडल्या होत्या, निशाणाच्या बाजूला आठ-दहा पावलांवर. बाण हळदीत रुततो तो त्यांना जवळून दिसावा, एवढाच माझा हेतू. आप्पा कमिटीच्या इतर लोकांबरोबर मागे बसले होते. आमचे हे दाराशी उभे होते. शंभरेक मुली चौकात रांगा करून, आपापले गोणपाट टाकून बसल्या होत्या.

स्वागताचं पद झालं, गोफ झाला, मग आप्पांच्या मुलीला मी पुढे केलं. तिने परकर खोचला, खांदा खाली घेतला आणि पहिला बाण सोडला. हळदीत! टाळ्या पडल्या. निशाणातून तपकिरी रंगाचा एक लहानसा लोट निघाला आणि मांडवातून झिरपणाऱ्या उन्हात तरंगत खुर्च्यांकडे गेला. मला तो दिसला, आणि दिसूनही कळला नाही. दुसरा बाण, दुसरा लोट. तिसऱ्या बाणाला पहिली शिंक आली.

ती इन्स्पेक्टरीणबाईंची होती. नंतर त्या थांबल्याच नाहीत. चष्मा मांडीवर पडला, डोळ्यांतून धारा लागल्या, पदर नाकाला आणि शिंक पदरातून बाहेर. शेजारी कारकून असा शिंकायला लागला की त्याची टोपी उडाली. मोठ्या बाई घाबरून हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने त्यांना वारा घालायला लागल्या, आणि त्या वाऱ्याने उरलीसुरली भुकटी सगळ्या मांडवात पसरली. आमच्या निपाणीकरांनी नाकाला पदर लावला, बस्स. दोन-तीन मुली फिदीफिदी हसल्या.

“हे... हे काय भरलंय त्यात?” इन्स्पेक्टरीणबाईंनी कसंबसं विचारलं. “कोणी भरलं?”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी एरवी कुणाला उत्तर द्यायला कधी मागे राहिले नाही. त्या वेळी मात्र मी झालरीकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी माझ्या मनात आलं की सांगून टाकावं, माझं पिंजराचं निशाण उत्तम होतं, ह्या आप्पांनी किड्यांचं खूळ काढलं म्हणून हे झालं. तिकडे आप्पा अर्धवट उठले होते. बहुतेक तेच सांगायला. पोरीचं बेळगाव माझ्या डोळ्यांसमोर शिंकांमध्ये वाहून जात होतं आणि मी खांबासारखी उभी होते.

मुलीने धनुष्य जमिनीवर ठेवलं. सरळ निशाणाकडे गेली, पिशवी कानाला धरून तिकाटण्यावरून ओढली आणि फरफटत मागच्या दाराने बाहेर नेऊन टाकली. परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. ती चौकाच्या मधोमध उभी राहिली, समोरच्या शंभर मुलींकडे तिने एकदा बघितलं आणि ओरडली:

“एळ्री! एल्लारू एळ्री!”

‘उठा, सगळ्या उठा’ एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या निम्म्या मुलींना कानडी धड येत नव्हतं, तरी सगळ्या उठल्या. असा आवाज आला की माणूस आधी उठतो आणि मग विचार करतो. मीही एक पाऊल पुढे सरकले होते.

“बस्करं द्या,” आता ती मराठीत म्हणाली. प्रत्येक मुलगी शाळेत बसायला घरून गोणपाटाचा एक तुकडा आणायची, त्याला आम्ही बस्कर म्हणायचो. “आधी झाडून द्या. हळू झाडा, मुंगी असंल. घडी नगं गं, सपाट द्या. ए, तू त्या टोकाला धर. एकावर एक गुंडाळायचं. घट्ट! आणखी घट्ट!” दोन थोराड मुली गुडघे टेकून गुंडाळायला लागल्या, बाकीच्या बस्करं झाडून हातोहात पुढे द्यायला लागल्या. अंथरुणाची वळकटी वळतात तशी बस्करांची वळकटी जाड होत चालली. मग तिने मान वर करून मला म्हटलं, “बाई, सुतळी.”

मी सुतळी आणायला धावले. ड्रिलची मास्तरीण मी, आणि माझ्या विद्यार्थिनीने हुकूम दिल्यावर चप्पल न घालता धावले. आणून दिली तर म्हणाली, “तुमी धरा, मी आवळते.” मी धरलं.

वळकटी तिकाटण्यावर आडवी ठेवली तेव्हा तिचं गोल तोंड आमच्याकडे आलं, चांगलं परातीएवढं. पाहुण्यांच्या स्वागताचं हळदीकुंकवाचं तबक टेबलावर होतं. तिने त्यातली हळद तळहाताला फासली आणि वळकटीच्या मधोमध हात दाबला. पाच बोटांचा पिवळा ठसा उठला. मग ती मागे आली, हात परकराला पुसले, धनुष्य उचललं आणि तीन बाण मारले. तिन्ही त्या तळहातात. धूळ नाही, शिंक नाही. बाण ओढले तर लोण्यातून सुरी निघावी तसे निघाले. मी चार महिने गादी फोडली, कडबा बांधला, वेठ वळले, काड्या बडवल्या, आणि उत्तर रोज माझ्यासमोर मुलींच्या बुडाखाली होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि त्याच वेळी इतकी जळफळही झाली की कुठलं आधी आलं ते आज सांगता येणार नाही.

मुलींनी टाळ्या पिटल्या. उघड्या जमिनीवर बसून त्यांचे परकर मळले होते, त्याची कुणाला पर्वा नव्हती. पण मी इन्स्पेक्टरीणबाईंकडे बघत होते. त्यांचे डोळे लाल गुंज झालेले, नाक सुजलेलं. त्यांनी काय पाहिलं आणि काय नाही ते देवच जाणे. कार्यक्रम आवरता घेतला गेला, त्यांनी चहा नको म्हटलं, रुमाल नाकाला धरूनच त्या मोटारीत बसल्या. मी दारापर्यंत मागे गेले, काही तरी बोलतील म्हणून थांबले. मोटार सुरू झाल्यावर त्यांनी काच वर केली. मुलीबद्दल एक अक्षर नाही.

मी मागच्या दाराने बाहेर आले. पिशवी तिथे पडली होती, झालर फाटलेली, आफ्रिकेचा कागद निघालेला. मी तिला एक लाथ घातली. थोडी भुकटी उडाली आणि मला रडू आलं. चांगलं मोठ्याने, पदर तोंडात न घालता. आमचे हे येऊन जवळ उभे राहिले. “अगं,” म्हणाले.

तेवढ्यात आप्पा आले. मी डोळे पुसले आणि ते काही बोलायच्या आधीच सांगून टाकलं, “आप्पा, इन्स्पेक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. माझ्यामुळे झालं. काड्या बडवून घेतल्या त्या मीच. त्याची शिक्षा पोरीला देऊ नका.”

आप्पा पिशवीकडे बघत होते. “तुमी एक निशाण केलासा, त्यात मी खोट काढली,” ते म्हणाले. “दुसरं केलासा, त्यात ही खोट निघाली. पोरीनं मुंगीपण राखली आणि पाव्हण्यांचं नाकपण.” असं म्हणून ते किंचित हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“पण त्या बाईंचा शब्द...”

“त्यांनी कशाला बोलायचं आता?” आप्पा म्हणाले. “चौदा वरसं मी वाट बघितली, बाई. आज माझी पोरगी बोललेली मी ऐकलो न्हवं!”

उपरण्याने त्यांनी तोंड पुसलं. तंबाखूच्या भुकटीने डोळ्यांत पाणी यावं असे ते काही नवखे नव्हते. मग ते आमच्या ह्यांच्याकडे वळले.

“वसतिगृह आधी स्वता बघून येतो म्हणतो. बेळगावची मोटार सकाळी किती वाजता सुटते हो?”

ह्यांनी वेळ सांगितली. आप्पांनी ती आणखी एकदा विचारून घेतली.